गोदामाच्या शटरची स्प्रिंग : दुरुस्त करावी की बदलावी?

ट्रॅक्टर, विद्युत पंप, मळणी यंत्र, फवारणी पंप यांच्या देखभालीविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. ज्या दाराआड ही सारी यंत्रे, बियाणे व खते सुरक्षित राहतात, त्या दाराकडे मात्र ते अडून बसेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. अवजारांची शेड, धान्याचे व खतांचे गोदाम, दूध संकलनाची खोली अशा ठिकाणी लोखंडी गुंडाळीचे शटर बसविण्याची पद्धत आता गावोगावी रुजली आहे. हे शटर चांगले चालत असेपर्यंत बारा वर्षांचा मुलगाही ते एका हाताने उचलतो. ते बिघडले की तीन गडी लावूनही हलत नाही. नेमके पेरणीच्या दिवशी असे झाले तर बियाणे आत आणि पाभर बाहेर, अशी अवस्था होते.

शटर जड झाले की गावात तीन सल्ले मिळतात. पहिला म्हणतो तेल सोडा, दुसरा म्हणतो वेल्डिंग मारून घ्या, तिसरा म्हणतो नवीन शटरच बसवा. यांपैकी पहिला सल्ला पुष्कळदा उपयोगी पडतो, तिसरा क्वचित, आणि दुसरा जवळजवळ कधीच नाही. असे का, हे समजण्यासाठी शटर कसे चालते ते थोडक्यात पाहू.

शटर हलके का वाटते?

शटरच्या वरच्या बाजूस, पत्र्याच्या आवरणाखाली, एक जाड पाईप दोन्ही भिंतींवरील ब्रॅकेटमध्ये यू-बोल्टने आवळून बसविलेला असतो. हा पाईप स्वतः फिरत नाही. त्याच्यावर ढोल बसविलेले असतात. शटरच्या पट्ट्या या ढोलांना जोडलेल्या असून त्यांच्यावरच त्या गुंडाळल्या जातात. प्रत्येक स्प्रिंगचे एक टोक पाईपला व दुसरे टोक ढोलाला अडकविलेले असते. आपण शटर खाली ओढतो तेव्हा ढोल फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर उचलताना हाच पीळ उलगडतो आणि शटरचे बहुतेक ओझे स्प्रिंग उचलते. आपल्या हाताला लागते ती फक्त उरलेली ताकद.

हे ओझे किती असते याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरते. शटरच्या पट्ट्या १.२५ मि.मी. जाडीच्या धरल्या तर सपाट पत्र्याचेच वजन ९.८ किलो होते. पट्ट्यांना दिलेला बाक व एकमेकींत अडकविण्यासाठी वळविलेल्या कडा धरून ते ढोबळमानाने सव्वापट, म्हणजे १२ ते १३ किलो होते. तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच दारासाठी हे वजन ११० ते ११५ किलोच्या घरात जाते. हे सारे वजन सरासरी दीड मीटर वर उचलायचे असते. आता शटर बंद असताना स्प्रिंगांमध्ये साठलेला जोर किती, याची कल्पना येईल. ५० किलोचे खताचे पोते सुमारे साडेतीन मीटर म्हणजे अकरा फूट उंचीवरून पडल्यास जेवढा दणका बसेल, तेवढा हा जोर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुढे सांगितलेल्या सावधगिरीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

स्प्रिंगा दोन प्रकारच्या असतात. एक तारेची लांब वेटोळ्यांची, दुसरी घड्याळाच्या कमानीसारखी चपट्या पट्टीची. तारेच्या स्प्रिंगसाठी भारतीय मानक ४४५४ (भाग १) लागू आहे आणि शटरसाठी भारतीय मानक ६२४८ आहे. सरकारी बांधकामांत साधारणपणे १० चौरस मीटरपर्यंतची शटरे हाताने उचलण्याची व त्याहून मोठी गिअर, साखळी किंवा हँडलची घेतात. आपल्या शेडचे दार याहून मोठे असेल आणि तरीही हाताने उचलायचे शटर बसविलेले असेल, तर दर दोन वर्षांनी स्प्रिंगची तक्रार येणारच. तो दोष स्प्रिंगचा नाही, निवडीचा आहे.

दोष खरोखर स्प्रिंगचाच आहे काय?

जड झालेल्या शटरमध्ये दोष स्प्रिंगचाच असतो असे नाही. प्रथम दोन्ही बाजूंच्या खाचेच्या चॅनेलकडे पाहावे. त्यांत सोयाबीनचा भुसा, तुरीची काटकी, माती, पक्ष्यांची घाण साचते. ट्रॉली मागे घेताना चॅनेलला ठोकर बसून तो दबतो, हे तर अगदी नेहमीचे आहे. चॅनेल दबला असेल तर शटर एका ठराविक उंचीवर अडते, आणि त्या जागेच्या वर व खाली मोकळे चालते. शटर तिरके होऊन एका बाजूने वर जात असेल तर पट्ट्यांच्या टोकांची कुलपे तुटून एखादी पट्टी बाजूला सरकलेली असते. स्प्रिंग सैल झाली किंवा मोडली तर शटर तळापासून वरपर्यंत सारखेच जड लागते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. चॅनेल साफ करून, दबलेला भाग सरळ करून, आतल्या बाजूने ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि मगच स्प्रिंगचा विचार करावा. ग्रीस भरपूर थापू नये. धूळ बसून त्याचे सहाणेवरील गंधासारखे घट्ट लेपण तयार होते आणि शटर पूर्वीपेक्षा जड होते.

दुसरी गोष्ट, अलीकडे आपण शटरला काही जोडले आहे काय, हे आठवावे. चोरी झाली म्हणून किंवा जनावरे धडका देतात म्हणून खालच्या बाजूस लोखंडी अँगल वेल्ड करून घेण्याची पद्धत आहे. ५० × ५० × ६ मि.मी. मापाच्या अँगलचे वजन मीटरला ४.५ किलो असते. तीन मीटरच्या शटरवर साडेतेरा किलो वाढले. मूळ स्प्रिंग या वजनासाठी केलेलीच नव्हती. मग शटर जड झाले म्हणून स्प्रिंगला बोल लावण्यात अर्थ नाही.

तोलाची परीक्षा

चॅनेल साफ झाल्यावर शटरचा तोल तपासावा. यासाठी दोन माणसे असावीत व मुलांना दूर ठेवावे. शटरखाली दोन्ही बाजूंस सुमारे दोन फूट उंचीचे लाकडी ओंडके उभे करावेत. शटर कमरेच्या थोडे वर येईपर्यंत उचलावे व हाताचा जोर हळूहळू कमी करावा. हात शटरवरच राहू द्यावा, पाय मात्र शटरखाली नसावेत. शटर जागेवर थांबले किंवा अगदी सावकाश सरकले तर स्प्रिंगा ठीक आहेत. ते धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंगांचा ताण कमी झाला आहे किंवा त्यांपैकी एखादी मोडली आहे. उलट ते आपोआप वर झेपावू लागले तर ताण जास्त आहे. अशा शटरने बंद करताना हात सुटला तर खालची पट्टी हनुवटीवर बसते.

ज्यांच्याकडे कापूस किंवा मिरची तोलण्याचा ताणकाटा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. दोरीने काटा शटरच्या मधल्या मुठीला अडकवून सरळ वर ओढावे आणि शटर हलू लागते तेव्हाचा आकडा वाचावा. शटर नवीन असताना किंवा दुरुस्तीनंतर लगेच हा आकडा घेऊन शेडच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावा. दरवर्षी मे महिन्यात पुन्हा ओढून पाहावे. आकडा दरवर्षी थोडा थोडा वाढत असेल तर स्प्रिंग थकत आहे. एका दिवसात तो एकदम वाढला असेल तर काहीतरी मोडले आहे. (ताणकाट्यातही स्प्रिंगच असते आणि तीही थकते. वजनाच्या मापाशी तो मधूनमधून ताडून पाहणे आपल्या मालाच्या दृष्टीनेही हिताचे.)

सैल झाली की मोडली?

दुरुस्ती की बदल, हा निर्णय बहुतांशी याच प्रश्नावर अवलंबून आहे.

स्प्रिंग मोडते तेव्हा बहुधा मोठा आवाज होतो. रात्री शेडमध्ये बार उडाल्यासारखा आवाज आला, जाऊन पाहिले तर काहीच नाही, आणि सकाळी शटर उचलेना, असे झाले असेल तर स्प्रिंग मोडली असे समजावे. ती बहुधा शटर बंद असतानाच मोडते, कारण तेव्हाच तिला सर्वांत जास्त पीळ असतो. तारेची स्प्रिंग असल्यास जमिनीवर उभे राहून बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. वेटोळ्यांमध्ये एका जागी बोटभर किंवा अधिक फट दिसली की निदान झाले. चपट्या पट्टीची स्प्रिंग ढोलात बंद असल्याने दिसत नाही. तिच्यासाठी ढोल उघडावा लागतो व ते काम कारागिराचेच आहे.

आवाज झालेला नाही, फट दिसत नाही, पण शटर जड झाले आहे, असे असेल तर दोन शक्यता उरतात. एक, स्प्रिंगमधील पोलाद थकून तिचा ताण उतरला आहे. दोन, स्प्रिंग चांगली आहे पण यू-बोल्ट सैल होऊन पाईपच थोडा उलट फिरला आहे. या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या ओळखण्याचा अगदी स्वस्त उपाय म्हणजे रंगाची एक रेघ. कारागीर शटर बसवून किंवा ताण देऊन गेला की त्याच वेळी त्याच्याकडून पाईप व ब्रॅकेट या दोहोंवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ ऑईल पेंटने मारून घ्यावी. पुढे शटर जड झाले आणि पाईपवरील रेघ ब्रॅकेटवरील रेघेपासून सरकलेली दिसली, तर पाईप घसरला आहे. पुन्हा ताण देऊन यू-बोल्ट आवळले की काम झाले. नवीन स्प्रिंग घेण्याचे कारण नाही. रेघ जागच्या जागी असेल तर दोष स्प्रिंगमध्ये आहे. चमचाभर रंगाने एक अनावश्यक खरेदी टळू शकते. म्हणून शटर आज चांगले चालत असले तरी ही रेघ आजच मारून ठेवावी.

ताण देणे ही दुरुस्ती योग्य केव्हा?

स्प्रिंग अखंड असून फक्त सैल झाली असेल तर पाईपला एक-दोन फेरे देऊन ताण वाढविता येतो. शटर वर गुंडाळून, टेकू देऊन, पाईप पान्याने पाईप फिरवायचा व यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, असे हे काम आहे. ऐकायला सोपे वाटते. परंतु बोल्ट सैल होताच स्प्रिंगचा सारा उरलेला पीळ पान्यावर येतो, आणि पाना हातातून सुटला तर तो मनगट मोडल्याशिवाय राहत नाही. शिडीवर उभा असलेला माणूस तर त्या धक्क्याने खालीच येतो. म्हणून ब्रॅकेटवरील यू-बोल्टला आपण स्वतः हात लावू नये. घरी पाना आहे, मुलगा आयटीआय झालेला आहे, ही कारणे येथे पुरेशी नाहीत. हे काम ज्याने पूर्वी वारंवार केले आहे अशाच शटर कारागिराकडून करून घ्यावे.

बसविल्यानंतर दोन-चार वर्षांत एकदा ताण द्यावा लागला तर त्यात वावगे काही नाही. हंगामी गोदाम महिनोन् महिने बंद राहते, स्प्रिंग तेवढा काळ पीळ सोसत असते आणि त्यात थोडी शिथिलता येते. पण एका वर्षाच्या आत दुसऱ्यांदा ताण द्यावा लागत असेल आणि रेघ सरकलेली नसेल, तर तिसऱ्यांदा त्यावर मजुरी घालवू नये. ती स्प्रिंग बदलण्याचीच आहे. थकलेल्या स्प्रिंगला अधिकाधिक पीळ देत राहिले की ती एक दिवस मोडते, आणि कोणावर मोडेल ते सांगता येत नाही.

वेल्डिंग का चालत नाही?

मोडलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडून देणारे कारागीर भेटतात. नांगराचा फाळ, पाभरीचा दांडा, ट्रॉलीची साखळी वेल्डिंगने जोडून वर्षानुवर्षे चालते, मग स्प्रिंग का नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. फरक पोलादात आहे. ट्रॉलीचे लोखंड मऊ असते, त्यात कार्बन कमी असतो. स्प्रिंगच्या तारेत कार्बन पुष्कळ अधिक असतो, आणि तिचा चिवटपणा ती थंड अवस्थेत साच्यातून ओढून आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने हा गुण त्या जागी नाहीसा होतो. सांध्याला लागून असलेला भाग झटकन निवल्यामुळे काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्याच्या पलीकडचा भाग मऊ पडतो. फाळाला दाब सोसायचा असतो. स्प्रिंगला मात्र प्रत्येक वेळी पिळायचे व उलगडायचे असते. त्यामुळे वेल्ड केलेली स्प्रिंग सांध्यालगतच पुन्हा मोडते, पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात. दोन वेळची मजुरी व्यर्थ जाते, आणि मधल्या काळात शटर वरून सुटण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

याला एकच अपवाद करता येईल. स्प्रिंगचे मधले वेटोळे शाबूत असून फक्त शेवटची कडी मोडली असेल, किंवा चपट्या पट्टीचे टोक रिव्हेटच्या भोकापाशी फाटले असेल, तर तेवढे टोक तापवून नवीन कडी वळविता येते किंवा नवीन भोक पाडून रिव्हेट मारता येते. यात एखादे वेटोळे कमी होते, ते चालते. मात्र अशी दुरुस्ती एका स्प्रिंगला एकदाच करावी. टोक दुसऱ्यांदा तुटले म्हणजे पोलाद संपले असे धरावे.

मोडली का, हे विचारण्यासारखे आहे

परदेशांत घराच्या मोटारखान्याच्या दारांना अशाच पिळाच्या स्प्रिंगा असतात आणि त्या साधारणपणे १०,००० वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने बनवितात. हा आकडा आपल्या शटरला तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण अंदाजासाठी धरू. दिवसातून दोनदा उघडझाप होणाऱ्या शेडमध्ये वर्षाला ७३० वेळा स्प्रिंग पिळली जाते. म्हणजे तेरा वर्षे तरी तिने टिकावयास हवे. दूध संकलनाच्या खोलीत किंवा कृषी सेवा केंद्रात दिवसातून चार वेळा धरले तरी सहा-सात वर्षे होतात. आपल्या गोदामाची स्प्रिंग तीन-चार वर्षांत मोडली असेल तर ती वापराने झिजून मोडलेली नाही. तिचे कारण निराळे आहे आणि ते बहुधा गंज हे आहे.

पोलादाच्या तारेवर गंजाचा बारीकसा खड्डा पडला की सारा पीळ त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो. तेथे केसासारखी चीर पडते, दर उघडझापीला ती थोडी वाढते, आणि शेवटी तार तुटते. मोडलेल्या तुकड्याचे टोक नीट पाहावे. तुटलेल्या जागेच्या कडेला काळपट किंवा तांबूस जुना डाग आणि उरलेल्या भागात ताजी चकाकी दिसली, तर चीर गंजातून सुरू झाली असे समजावे. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे होते. देशावर त्याचे प्रमुख कारण आपणच दाराशी रचून ठेवतो. ते म्हणजे खते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते आणि ते लोखंडाचे वैरी आहे. युरिया व अमोनियम सल्फेट हवेतील ओल ओढून घेतात. खताची पोती दारालगत थप्पी लावून ठेवली, एखादे फुटले, त्याची धूळ उडून आवरणाच्या आत बसली आणि पावसाळ्याची दमट हवा मिळाली की स्प्रिंगला वेगळ्या शत्रूची गरज राहत नाही. खतांची थप्पी दारापासून शक्य तितकी आत, लाकडी फळ्यांवर लावावी. आवरणाच्या पेटीत उंदीर घरटे करतात, त्यांच्या मुतानेही गंज धरतो. ती पेटी वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. साफ करणाऱ्याने आधी काठीने ठोकून पाहावे, कारण गांधीलमाश्यांनाही ती जागा फार आवडते.

मे महिन्यात कारागीर आलेला असेल तेव्हा त्याच्याकडूनच स्प्रिंगवर पातळ मशीन ऑईलचा हात फिरवून घ्यावा. ट्रॅक्टरचे जळालेले ऑईल फुकट मिळते म्हणून सर्रास वापरतात. त्यात काजळी व आम्ल असते, ते वापरू नये.

एक बदलावी की सगळ्या?

शटरच्या रुंदीप्रमाणे पाईपवर दोन, तीन किंवा अधिक स्प्रिंगा असतात. त्यांपैकी एक मोडली असता उरलेल्यांचे काय करावे, याचा विचार वयावरून करावा. शटर दोन-तीन वर्षांचेच असून एका स्प्रिंगची कडी तुटली असेल आणि उरलेल्या स्वच्छ, गंजविरहित असतील, तर एकच बदलावी. बसविणाऱ्याने हमी दिली असल्यास त्याच्याकडून ती विनामूल्य मागावी व त्यासाठी बिल जपून ठेवावे. शटर सात-आठ वर्षांचे असेल तर उरलेल्या स्प्रिंगाही तितक्याच वेळा पिळल्या गेलेल्या असतात. मोडलेल्या बहिणीचे ओझे त्यांनी काही दिवस वाहिलेले असते. त्यांचा ताण उतरलेला असल्याने नवी स्प्रिंग एकटीच जास्त भार घेते. अशा वेळी सगळ्या एकदम बदलणे शहाणपणाचे ठरते.

यात पैशाचाही हिशेब आहे. समजा, कारागिराची एका खेपेची मजुरी व प्रवास मिळून १,२०० रुपये आणि स्प्रिंग नगाला ६०० रुपये आहे. (हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत, आपल्या तालुक्याच्या गावचा भाव विचारून तेथे तो घालावा.) तीन स्प्रिंगा तीन वेगवेगळ्या खेपांत बदलल्या तर खर्च ५,४०० रुपये होतो. एकाच खेपेत बदलल्या तर ३,००० रुपये. शिवाय तीन वेळा शटर अडण्याऐवजी एकदाच अडते. मजुरी जितकी जास्त आणि कारागीर जितका लांबचा, तितके एकदम बदलणे फायद्याचे.

स्प्रिंग खरेदी करताना जुना तुकडा सोबत न्यावाच. 'तीन मीटरच्या शटरची द्या' एवढ्या सांगण्यावर घेऊ नये. तारेची जाडी गंज खरवडून व्हर्निअर कॅलिपरने मोजावी; गावातील लेथवाल्याकडे ते असते. जाडीतील थोड्या फरकाने फार मोठा फरक पडतो. ६ मि.मी.च्या जागी ७ मि.मी. तार बसविली, बाकी सारे तेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे १.८५ पट कडक होते. ते शटर बंद करायला माणसाला लोंबकळावे लागेल. चपट्या पट्टीत जाडी एक दशांशाने कमी भरली तर ताकद एक चतुर्थांशाहून अधिक घटते. स्वस्तात मिळालेल्या स्प्रिंगेचे रहस्य पुष्कळदा येथे असते. वेटोळ्यांची संख्या, आतील व्यास, पट्टीची रुंदी जुळवून पाहावी. तारेची स्प्रिंग उजव्या पिळाची की डाव्या, हेही पाहावे. उलट पिळाची स्प्रिंग बसविली तर ती घट्ट होण्याऐवजी उकलते व लवकर मोडते.

शटरच बदलण्याची वेळ

तळाकडील पट्ट्या गंजून बोटाने दाबल्यास आत जातात, पट्ट्यांची टोके चॅनेलमधून निसटतात, चॅनेलचा पत्रा कागदासारखा झाला आहे, अशी स्थिती असेल तर नव्या स्प्रिंगांवर पैसे घालू नयेत. अशा वेळी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. येथे शटर हवेच आहे काय? रस्त्यालगतच्या दुकानाला जागा नसते म्हणून शटर लागते. शेतावरील ट्रॅक्टर शेडसमोर मोकळे अंगण असते. तेथे दोन झडपांचा पत्र्याचा दरवाजा किंवा चाकांवर सरकणारा दरवाजा गावातील फॅब्रिकेशनवाला करून देऊ शकतो. त्यात स्प्रिंग नाही, त्यामुळे मोडण्याची भीतीही नाही. आमच्या मते ट्रॅक्टर शेडला असाच दरवाजा अधिक सोयीचा. धान्याच्या गोदामासाठी शटर ठेवायचे असेल तर ते बंद असताना तळाशी सहा मिलिमीटरहून अधिक फट राहणार नाही अशी फरशी करून घ्यावी, कारण तेवढ्या फटीतून घरातील लहान उंदीर आत शिरतो.

मोटारीवर चालणाऱ्या शटरबाबत एक सूचना आवश्यक आहे. पाईपच्या मध्यभागी मोटार बसविलेल्या प्रकारात स्प्रिंगा असतातच आणि ओझे त्याच उचलतात. एखादी मोडली तरी मोटार काही दिवस शटर ओढत राहते, मालकाला काही कळत नाही, आणि शेवटी मोटार जळते. म्हणून महिन्यातून एकदा मोटार सोडवून शटर हाताने उचलून पाहावे. वीज नसताना ते हाताने उघडावे लागणारच आहे.

माल आत अडकला असेल तर

स्प्रिंग मोडली त्या वेळी शटर बंद असेल आणि घाई नसेल तर ते बंदच राहू द्यावे. त्या स्थितीत ते खाली पडू शकत नाही. मोडली तेव्हा ते उघडे असेल तर कोणालाही खालून जाऊ देऊ नये. बाजूने दोन्ही कडांना भक्कम बल्ल्यांचे टेकू द्यावेत आणि कारागिराला बोलवावे. बियाणे किंवा खत काढणे अगदीच निकडीचे असेल तर तीन स्प्रिंगांपैकी एक मोडल्यावर ११५ किलोंपैकी सुमारे ४० किलो ओझे हातावर येते, हे लक्षात घ्यावे. चार गड्यांनी सारख्या अंतरावर उभे राहून, एका आवाजावर, सावकाश उचलावे. टेकू लावणारे दोघे वेगळे असावेत व त्यांनी दर फुटाला टेकू सरकवत न्यावा. पहार किंवा ट्रॅक्टरच्या साखळीने शटर ओढू नये. पट्ट्या वाकतात, आणि स्प्रिंगपुरता असलेला खर्च शटरपर्यंत जातो. काढायचा तेवढा माल काढून शटर पुन्हा तसेच सावकाश खाली ठेवावे.

नवीन गोदाम बांधताना मात्र मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत अडीच फूट रुंदीचे एक साधे बिजागरीचे दार अवश्य ठेवावे. जुन्या वाड्यांच्या दरवाजात दिंडी असे, तशीच ही सोय. खर्च फारसा येत नाही. पुढे केव्हाही शटर अडले तरी पेरणी खोळंबत नाही आणि कारागीर त्याच्या सवडीने आला तरी चालते.